लोटन नानांची ओंजळ

"हिंमत श्रावण अहिरे," पाटाची वही सांभाळणाऱ्या दौलत अप्पांनी नाव घेतलं आणि काठावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

हिंमत हा माझा थोरला भाऊ. तो सैन्यात होता आणि त्या हिवाळ्यात त्याची नेमणूक काश्मीरकडे बर्फात होती. शेत त्याच्या नावावर, म्हणून घराच्या वतीने मी उभा होतो. बंधाऱ्याचं पाणी जिथे पाटात शिरतं तिथे शेंदूर फासलेले सात दगड आहेत. त्या आसरा, पाण्याच्या देवता. माझ्याआधीचे सात जण एकेक करून पायऱ्या उतरले होते आणि ओंजळीत पाणी घेऊन तेच वाक्य म्हणाले होते. "आसरामाय, मी पाट फोडला नाही. फोडला असेल तर माझ्या घराचं पाणी तोड." मग ते पाणी पिऊन वर आले होते.

"मी ओंजळ घेणार नाही," मी म्हणालो.

 उखा अण्णा दोन पावलं पुढे आले. "म्हणजे फोडला असं समजायचं का?"

"नाही फोडला. चार माणसांसमोर शब्द देतो. दगडासमोर देणार नाही."

आमच्याकडे घरीदारी अहिराणी बोलतात. इथे सगळ्यांना कळेल अशी करून लिहितोय. पण 'दगड' हा शब्द मी तेव्हा उच्चारला तसाच आहे. मला सत्ताविसावं चालू होतं. तालुक्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. मुलांसमोर जिभेवर कापूर जाळून दाखवायचो आणि यात चमत्कार काही नाही हे समजावून सांगायचो. गावाला हे माहीत होतं. त्याचं त्यांना कौतुकही होतं, जसं घरातल्या पोराच्या नकलेचं असतं तसं. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही.

आमचं गाव बागलाणातलं, एका लहान नदीवर. नदीला जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला सव्वा कोसाचा पाट आणि पाटाखाली एक्केचाळीस जणांची शेतं. कुणाला केव्हा आणि किती वेळ पाणी मिळणार हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. ते वाटायचं काम पाटकऱ्याचं, आणि आमचे पाटकरी होते लोटन नाना. खांद्यावर फावडं टाकून ते दिवसभर पाटाच्या कडेने फिरायचे, एका शेताचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडायचे. त्यांच्याशिवाय कोणी तोंडाला हात लावायचा नाही. पोलीस नव्हता, कुलूप नव्हतं. होते ते सात दगड.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. बंधाऱ्यात पाणी निम्मं. दसऱ्यानंतरच्या बैठकीत ठरलं की यंदा पाटावर फक्त गहू. कांद्याला नाही, कांद्याच्या रोपाला नाही. हा ठराव मीच मांडला होता. समान वाटप या विषयावर मी चांगला वीस मिनिटं बोललो होतो आणि तेवढ्यात अप्पांनी दोनदा जांभई दिली होती.

मग पौषात, गहू निसवायला, ओंब्या बाहेर टाकायला लागला तेव्हा, शेवटच्या शेताला पाणी पोचेना. ते शेत उखा अण्णांचं. लागोपाठ तीन दुपारी त्यांच्या पाळीला पाट मधेच बारीक झाला. वरती कोणीतरी पाणी वळवत होतं.

अशा वेळी कोणाच्या शेतात शिरून शोधाशोध करायची नाही, ही आमची जुनी रीत. शोध घेतला की डोकी फुटतात, ओंजळ घेतली की मिटतं. खोटी ओंजळ घेणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि सगळ्यांची ओंजळ होईस्तोवर पाटाचं दार बंद.

माझ्यानंतर तेहतीस जण उतरले. उन्हं चढली. शेवटी अप्पांनी वही मिटली. "एकाची राहिली. दार बंद राहील."

"अहो पण गहू—" कोणीतरी म्हणालं.

"ते मास्तरला सांगा."

माणसं पांगली. जाताना प्रत्येकाने माझ्याकडे एकदा बघून घेतलं. लोटन नानाही बघत होते. त्यांच्या नजरेत मात्र राग नव्हता. ओझं उतरल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला त्याचा अर्थ लागला नाही आणि तेव्हा मी तो लावायलाही गेलो नाही. मी माझ्याच धुंदीत होतो.

त्या धुंदीला कारण होतं, माझी वहिनी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वहिनी त्याच वर्षी आमच्या घरात आली. माझं जावळ सोडून बाकी सगळं तिने केलं असं गावात म्हणायचे. तिला स्वतःला मूल झालं नाही. केवळबाई तिचं नाव. दर मंगळवारी ती आसरांना हळदकुंकू वाहायची, दादाच्या पत्राला उशीर झाला की उपास धरायची. माझ्या कापराच्या प्रयोगाला ती "तोंड भाजेल एखाद दिवस" यापलीकडे काही म्हणत नसे. त्या शनिवारी मी एसटीने घरी आलो, जेवायला बसलो, आणि ताटात भाकरी टाकता टाकता ती म्हणाली, "उद्या ओंजळ आहे. तू घेऊ नको."

मी चमकलोच. "मी तशीही घेणार नव्हतो. पण तू सांगतेस?"

"तू मानत नाहीस ना? मग जे मानत नाही ते करू नये माणसाने."

किती आनंद झाला मला! मी गावाला बदलू शकलो नव्हतो, पण सात दगडांना हळदकुंकू वाहणाऱ्या बाईने माझ्या विचाराचा मान ठेवला होता. रविवारी पायऱ्यांवर मी जो ताठ उभा राहिलो तो त्या एका वाक्याच्या जोरावर.

सोमवारी मी शाळेत गेलो नाही. गेलो असतो तर पळून गेला म्हणाले असते. सकाळपासून गल्लीतून जाणारं कोणी आमच्या ओट्याकडे बघत नव्हतं. शेजारच्या घरून रोज ताकाची वाटी यायची, ती आली नाही. दुपारी दारात खाकरल्याचा आवाज झाला. उखा अण्णा होते. मी भांडणाच्या तयारीने उठलो. ते खाली मान घालून आत आले आणि भिंतीला टेकून बसले.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

"तेच मागायला आलोय," ते म्हणाले. मग स्वतःच्याच बोलण्यावर कसनुसं हसले. "रतन, गव्हाची पानं पिळायला लागलीत. माझीच नाही, साऱ्यांची. अजून दोन दिवस दार उघडलं नाही तर ओंब्या पोचट निघतील."

"अण्णा, दार मी बंद केलेलं नाही."

"तूच केलंय."

"मी शब्द दिलाय. तुमचा माझ्या शब्दावर विश्वास नाही का?"

"माझा आहे," ते म्हणाले. "तुला मी लहानपणी उघडा फिरताना बघितलंय. तू चोर नाहीस. पण साऱ्यांचा कसा असेल? आणि उद्या पंढरीशेठचा पोरगा म्हणेल, मास्तरचा शब्द चालतो तर माझाही चालवा. परवा तिसरा म्हणेल. मग शब्द कोणाचा आणि लबाडी कोणाची, हे कसं ओळखायचं आम्ही?"

"पण माझा त्या आसरांवर विश्वासच नाही. मी ओंजळ घेतली तर ते नुसतं नाटक होईल. त्याची किंमत काय?"

अण्णांनी जरा विचार केला. "तुझ्या मनात काय आहे ते तुझं तू बघ. आम्हाला तुझं मन नको, ओंजळ पाहिजे. चाळीस जणांनी घेतली, तूही घेतलीस, एवढं बघायचंय साऱ्यांना. उतर खाली, म्हण चार शब्द. खोटं म्हण हवं तर."

देवाला घाबरणारा माणूस मला देवापुढे खोटं बोल म्हणून सांगत होता. त्या म्हाताऱ्याचे डोळे पाण्याने भरलेत असं मला वाटलं. की उन्हातून आल्यामुळे तसे दिसत होते, कोण जाणे.  माझं तत्त्व खरं होतं, याबद्दल मला शंका नव्हती. पण चाळीस घरांचा गहू माझ्या तत्त्वापायी वाळत होता, हेही खरंच होतं. आणि मला तर खोटंही बोलायचं नव्हतं. पाट मी खरंच फोडला नव्हता.

मंगळवारी सकाळी मी सदरा चढवला. वहिनी चुलीपासून उठून दारात आली.

"कुठे?"

"अप्पांना निरोप पाठवलाय. ओंजळ घेतो. संपवतो एकदाचं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तू मानत नाहीस ना?"

"नाही मानत. लोकांसाठी घेतो."

"नसलेल्या देवापुढे कशाला वाकायचं? मास्तर ना तू?" ती माझीच वाक्यं मला ऐकवत होती. मी हसलो.

"वहिनी, त्यात बिघडलं काय? मी फोडला नाही, तेच सांगायचंय."

"घरासाठी उभा राहणार तू. 'मी' म्हणजे घर असतं तिथे." तिने चौकट धरली. "तुझ्या दादाची शपथ आहे तुला. जाऊ नको."

मला कळेना. शनिवारी जी माझ्या विचारांचा मान ठेवत होती असं मला वाटलं, ती आज हट्टाला पेटली होती. मला वाटलं, गावाने घरावर टाकलेला बहिष्कार तिच्या मनाला लागलाय, आणि आता माघार घेणं तिला कमीपणाचं वाटतंय. मी तिचा हात हलकेच बाजूला केला आणि निघालो. मागे वळून बघितलं तर ती तशीच, पिठाच्या हातांनी, माझ्या मागे येत होती.

पाटाच्या तोंडाशी सगळे जमले होते. ओंजळीच्या वेळी बायका तिथे येत नाहीत, पण वहिनीला कोणी हटकलं नाही. मी चपला काढल्या. पायऱ्यांवर शेवाळ होतं. पाणी इतकं गार होतं की पोटऱ्यांत कळ गेली. मी वाकलो, ओंजळ भरली.

"थांब!" वहिनी ओरडली.

सारे वळले. ती काठाच्या अगदी टोकावर उभी होती. "थांब रतन. ते पाणी... मी सांगते. मी—"

"तू थांब, बाई," दुसरा आवाज आला. लोटन नाना गर्दीतून पुढे घुसले. सत्तरीचा माणूस, पण तीन पायऱ्या एका ढांगेत उतरला. माझ्या मनगटांवर त्यांचा हात बसला आणि ओंजळीतलं पाणी सांडलं. मग त्यांनी स्वतः ओंजळ भरली, आसरांकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आसरामाय, पाट कोणीच फोडला नाही. खेकड्यांनी बांध पोखरला. मी बघितलं, मी बुजवलं, आणि माझी हयगय निघेल म्हणून बोललो नाही. हे खोटं असेल तर माझ्या घराचं पाणी तोड."

ते प्याले, तीन घोटांत सगळी ओंजळ.

 काठावर एकदम सगळेच बोलायला लागले. उखा अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. "इतके दिवस घातलेत, नाना! आधी सांगायला काय झालं होतं?" पण त्यांच्या आवाजात चीड कमी आणि सुटका जास्त होती. खेकडे! चोर नव्हताच. आपल्यात चोर नव्हताच. लोक एकमेकांकडे बघून हसत होते. लोटन नाना खोटी ओंजळ घेतील हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. चाळीस वर्षं पाट राखलेला माणूस. आसरांच्या दिव्यात रोज तेल घालणारा.

अप्पांनी दार उघडायला सांगितलं. नानांचं पाटकरीपण त्या हंगामापुरतं काढून घेतलं, हयगयीबद्दल. त्यांनी मुकाट्याने फावडं दिलं. पाटात पाणी शिरलं आणि माणसं त्याच्याबरोबर आपापल्या शेताकडे चालू लागली.

मीही पाटाच्या कडेने निघालो. मला माझ्यावर हसू येत होतं. खेकड्यांपायी मी तत्त्वं पणाला लावून बसलो होतो. आता विज्ञानाच्या मास्तरला खेकड्याचं बीळ बघावंसं वाटणारच. मी बांध न्याहाळत चाललो. जुनी दोन बिळं दिसली, कोरडी, कोळ्यांनी जाळी केलेली. आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यापाशी आलो तेव्हा पाटाच्या बांधावर ओल्या मातीचा ताजा लेप दिसला. हाताने उकरला. आत फावड्याने सरळ घेतलेला छेद होता, सुरीने कापावा तसा. खालच्या वाफ्यांत कांद्याचं रोप होतं, हिरवंगार.

मी विहिरीत डोकावलो. तळाला ओला गाळ आणि त्यात पालथी पडलेली बादली.

"पंधरा दिवस झाले आटून," मागून वहिनी म्हणाली. हाताचं पीठ एव्हाना सुकून पापुद्रे झालं होतं. "तू शनिवारी येतोस, रविवारी जातोस. तुला काय सांगायचं? तुझाच तर ठराव. रोपाला पाणी नाही. मी हंड्याने नदीवरून आणून घातलं आठ दिवस. मग कंबर चालेना. डोळ्यांदेखत माना टाकत होतं ते. एकदा उघडलं, घटकाभर. मग दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी नानांनी बघितलं. बोलले नाहीत. माझ्या हातून फावडं घेतलं आणि बुजवलं."

 मला शनिवारची भाकरी आठवत होती. जे मानत नाही ते करू नये माणसाने.

"तू ओंजळ घेतली असतीस, तर तुझ्या तोंडाने घर खोटं बोललं असतं," ती म्हणाली. "तो तिकडे बर्फात उभा आहे रे. आसराआईला त्याला धरायला किती वेळ?"

ती रडली नाही. पदर खोचला आणि वळली. "मी गावात सांगून येते. नानांच्या माथी कशाला?"

"कुठे जातेस?" लोटन नाना पाटाच्या पलीकडून येत होते. खांदा फावड्याशिवाय रिकामा दिसत होता. "बस खाली."

"नाना, खोटी ओंजळ घेतलीत तुम्ही," मी म्हणालो. माझ्या आवाजात राग होता की काय, मला आजही सांगता येत नाही.

"घेतली."

"म्हणजे तुमचाही विश्वास नाही त्यांच्यावर."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसा मी वर्गातला ढ मुलगा. "विश्वास नाही? हे बघ." त्यांनी धोतर जरा वर केलं. त्यांचे गुडघे खरोखर थरथरत होते. "तिथून इथवर कसा आलो ते माझं मला माहीत."

"मग का घेतलीत?"

"गहू निसवतोय," ते म्हणाले. मला आणखी काही ऐकायचं होतं. पण त्यांच्या मते उत्तर संपलं होतं. जरा वेळाने त्यांनीच पुढे म्हटलं, "माझ्या घरात मी एकटा. म्हातारी गेली, लेक दिल्या घरची. आईने धरायचं तर मलाच धरील. हा विचार करूनच उतरलो मी."

वहिनी म्हणाली, "मी सांगणार. माझं पाप मी भरीन."

"तू सांगितलंस तर काय होईल, बाई? दंड करतील, बोलतील, ते सोड. पण लोटनने खोटी ओंजळ घेतली आणि तो तसाच चालत घरी गेला, हे सारं गाव बघेल. पुढच्या दुष्काळात कोण भिईल? एक्केचाळीस तोंडांवर एक्केचाळीस माणसं काठ्या घेऊन बसवावी लागतील." ते माझ्याकडे वळले. "आणि तू. तू तर अजिबात बोलायचं नाही. तुला हेच पाहिजे होतं ना, दाखवायला?"

खरं होतं. जिभेवरच्या कापराहून मोठा पुरावा माझ्या हाती आला होता. ओंजळ म्हणजे नुसतं पाणी, हे भर गावात सिद्ध करता आलं असतं. मी पाटाकडे बघितलं. पाणी शेवटच्या शेताकडे चाललं होतं आणि वाटेतल्या चाळीस तोंडांना कोणी हात लावत नव्हतं.

मी बोललो नाही.

पुढच्या दिवाळीपर्यंत नानांना दिसेनासं झालं. मोतीबिंदू होता, डॉक्टर नसलो तरी मला ओळखू येत होता, बुबुळावर दुधाची साय धरल्यासारखा. तालुक्याला शिबिर होतं. मी न्यायला गेलो तर नाना म्हणाले, "नको. आई घेतेय. एक झाला, दुसरा घेईल. तिच्याकडून परत मागून घेतलं तर ती दुसरीकडे वसूल करील." दुसरीकडे म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. दादा अजून सरहद्दीवरच होता.

मी शाळेतला डोळ्याचा नमुना नेला. भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. हे असं गढूळ होतं, वयामुळे होतं, गावात अकरा जणांना झालंय, त्यातल्या कोणी ओंजळ घेतली होती? त्यांनी भिंग बोटांनी चाचपलं, परत दिलं, आणि म्हणाले, "त्यांचं वयामुळे असेल."

वहिनी रोज त्यांना भाकरी नेऊन द्यायची. एक दिवस ती घरी आली आणि म्हणाली, "मी आईला म्हणाले, माझे डोळे घे. नाना म्हणतात तू म्हणायचं नाहीस, तुझ्या कुंकवाला धोका. मग कोणी म्हणायचं रे?"

त्या रविवारी मी नानांचा हात धरून पाटाच्या तोंडाशी घेऊन गेलो. दुपार होती, आसपास कोणी नव्हतं. त्यांना काठावर बसवलं आणि पायऱ्या उतरलो. हे सगळं मी एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांसाठी करतोय, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. औषधावर साखर लावतात तशी ही साखर. ओंजळ भरली.

"आसरामाय, लोटन नानांकडचं सगळं त्यांना सोड. ते माझ्यावर घे."

"असं नाही," वरून नाना म्हणाले. "घर म्हण. 'माझ्या घरावर' म्हण. तशीच ओंजळ असते."

गेल्या फाल्गुनात माझं लग्न झालं होतं आणि बायको तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. तालुक्याच्या दोन खोल्यांत, दुपारची आडवी झालेली असेल. ओंजळीतून पाणी ठिबकत होतं. मी विज्ञानाचा मास्तर. पाणी म्हणजे काय हे मी दर जूनमध्ये सहावीला शिकवतो. चार शब्द होते, हवेत विरून जाणारे. जीभ उचलेना.

"रतन? म्हटलंस का?" नानांना काही दिसत नव्हतं. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तेही मला म्हणवेना. इतका वेळ गेला की ओंजळ निम्मी झाली. मग मी ती पुन्हा भरली आणि म्हणालो, "माझ्या घरावर." आणि प्यालो. वर आलो तेव्हा माझे गुडघे लटपटत होते. गार पाण्याने, असं मी स्वतःला सांगितलं.

नानांचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी सुटली तेव्हा त्यांनी आधी माझा चेहरा बघितला, खूप वेळ, काही शोधत असल्यासारखा. माघात मला मुलगी झाली, सात पौंडांची. ती रांगायला लागेपर्यंत तिला जरा ताप आला की मी थर्मामीटर लावायचो, औषध द्यायचो, आणि मग बायकोला कळणार नाही अशा बेताने दारात जाऊन उभा राहायचो. तिथे उभा राहून मी काय करायचो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. प्रार्थना नव्हती ती. प्रार्थना नव्हती असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

नाना मला कुठेही भेटले की पहिला प्रश्न तोच. "घरी सगळं बरं ना?" मी "बरं" म्हणायचो. ते मान हलवायचे, पण समाधान झालेलं दिसायचं नाही.

आठ-नऊ वर्षांनी, हंगामाचं पहिलं पाणी सोडायचं होतं त्या दिवशी, ते काठावर माझ्या शेजारी बसले होते. दादा पेन्शन घेऊन घरी आला होता आणि खाली अप्पांशी बोलत होता. वहिनी नैवेद्याचं ताट घेऊन दुरून येताना दिसत होती. माझी मुलगी दगडांवरून उड्या मारत होती. नाना एकेकाकडे बघत होते.

"तू धड आहेस," ते हळूच म्हणाले. "पोरगी धड आहे. हिंमत आला, केवळबाई उभी आहे. मला सुईत दोरा ओवता येतो. मग आईने धरलं कोणाला रे?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. वयाच्या विसाव्या वर्षापासून तयार होतं. कोणालाच नाही नाना, कारण तिथे कोणी नाहीच. पण खाली एक्केचाळीस घरांची माणसं दार उघडायची वाट बघत उभी होती, आणि ते उत्तर खरं आहे का, हे माझं मलाच त्या घटकेला कळेनासं झालं होतं.

"माफ केलं असेल तिने," मी म्हणालो.

नाना विचारात पडले. इतक्या वर्षांत ही शक्यता त्यांच्या डोक्यात आली नसावी. त्यांनी खालच्या माणसांवरून नजर फिरवली आणि माझ्या कानाशी वाकले.

"मग हे कोणाजवळ बोलू नको," ते म्हणाले. "आई माफ करते असं कळलं ना, तर उद्या पाटाला पाणी राहायचं नाही."

आणि काठी टेकत उठून ते खाली रांगेत जाऊन उभे राहिले.